पुडीवरच्या काळ्या रेघा: बारकोड कसा चालतो अन् घरच्या घरी कसा बनवायचा

आमच्या समुद्रपूर-हिंगणघाट साइडला बरेच बचत गट आता हळद, तिखट, सरगुंडे, कुरडया पॅक करून विकतात, वायगावची हळद तर जीआय टॅगवाली आहे, आणि पुडी एकदाची नीट सीलबंद झाली लेबल लागलं की गटातल्या कोणत्या तरी काकूंचा प्रश्न येतोच, "भाऊ, याच्यावर त्या काळ्या रेघा नाही का येत? दुकानातल्या पुड्यावर असते तशा?" येतात ना काकू, काहून नाही येणार. अन् त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही, निदान स्वतःच्या दुकानापुरतं तरी नाही. थोडंफार प्रोग्रामिंग येत असेल, म्हणजे लूप अन् यादी काय असते एवढं कळत असेल, तर एका दुपारचं काम आहे (लाईन राहिली तर).

पहिले एक गैरसमज काढून टाकू. बारकोडात भाव नसतो. नाव नसतं, एक्सपायरी नसते, वजन नसतं, काहीच नसतं, फक्त एक नंबर असतो. स्कॅनर तो नंबर वाचतो अन् कॉम्प्युटरला देतो, कॉम्प्युटर आपल्याकडच्या यादीत पाहतो की हा नंबर कोणाचा, मग नाव आणि भाव स्क्रीनवर येतो. म्हणूनच एकच साबण दोन दुकानात दोन भावाला मिळू शकतो अन् बारकोड तोच राहतो, आणि भाव वाढला म्हणून रेघा बदलाव्या लागत नाहीत. म्हणजे खरं काम यादीचं आहे, रेघा फक्त टायपिंग वाचवतात. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी घरातला एक पुडा हातात घ्या

बिस्किटाचा घ्या, चहाचा घ्या, कोणताही. खाली १३ आकडे दिसतील. बहुतेक ८९० ने सुरू होतील. हे ८९० म्हणजे तो नंबर जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेला आहे, माल भारतातच बनला असा त्याचा अर्थ होत नाही, व्हॉट्सॲपवर ते "८९० पाहूनच घ्या" वालं फिरत असते ते सोडून द्या.

आता नीट पाहा. पहिला ८ हा रेघांच्या बाहेर डावीकडे एकटा उभा असतो, बाकीचे बारा रेघांच्या खाली सहा-सहाच्या दोन गटात. अन् डाव्या टोकाला, मधोमध, उजव्या टोकाला दोन-दोन बारीक रेघा इतरांपेक्षा जराशा खाली लांबलेल्या दिसतात. या तीन जोड्या म्हणजे शिवारातली धुरे समजा, इथून सुरू, इथं अर्धं, इथं संपलं. त्यांच्यावरूनच स्कॅनरला कळते की एक बारीक रेघ म्हणजे किती रुंद, बाकी सगळं तो त्याच मापात मोजतो. म्हणून बारकोड लहान-मोठा छापला तरी वाचला जातो, त्याला मिलिमीटरशी घेणंदेणं नसते, कोणती रेघ कोणाच्या किती पट आहे एवढंच पाहतो.

आणि तो बाहेरचा ८? त्याच्या नावाची एकही रेघ नसते. खरंच. तो कसा वाचतात ते खाली सांगतो, मला तरी सगळ्यात भारी भाग तोच वाटतो.

नंबर ठरवा

इथं घाई करू नका. ८९० ने सुरू होणारा नंबर स्वतःच्या मनानं बनवायचा नाही, तो कोणत्या तरी कंपनीचा असू शकतो, आणि तुमचा माल उद्या मोठ्या दुकानात गेला की तिथं हळदीच्या पुडीवर शाम्पूचं बिल फाटेल. बाहेरच्या दुकानात, मॉलमध्ये, ऑनलाइन विकायचं असेल तर नंबर जीएस१ इंडियाकडून रीतसर घ्यावाच लागतो, त्याची फी असते. पण स्वतःचं दुकान, गटाचा स्टॉल, गोडाऊनची मोजदाद, एवढंच असेल तर २० ते २९ ने सुरू होणारे नंबर जगभर "घरगुती वापरासाठी" मोकळे सोडलेले आहेत. मॉलमध्ये भाजी तोलून स्टिकर लावतात ना, त्याच्यावर बरेचदा २ ने सुरू होणारा नंबर दिसतो तो याच्याचसाठी.

आपण उदाहरण म्हणून हा घेऊ: २१, मग मालाचा नंबर पाच आकडी ०००१७, मग वजन ग्रॅममध्ये ००२५०. झाले बारा आकडे, २१०००१७००२५०. आता वर म्हटलं वजन नसते अन् इथं २५० टाकलं, तर ते आपण आपल्या सोयीसाठी टाकलं, स्कॅनरला त्याचं काहीच नाही. मी तर म्हणतो भाव चुकूनही नंबरात कोंबू नका, हळदीचा भाव वर्षभर एका जागी राहतो का कधी?

तेरावा आकडा

शेवटचा आकडा आपण ठरवत नाही, तो हिशोबानं निघतो. डावीकडून मोजा. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा यांची बेरीज: २ + ० + ० + ७ + ० + ५ = १४. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा, बारावा यांची बेरीज: १ + ० + १ + ० + २ + ० = ४, याला तीनने गुणा, १२. दोन्ही मिळून २६. पुढचा पूर्ण दशक ३०, तिथपर्यंत जायला ४ पाहिजे. तेरावा आकडा ४. पूर्ण नंबर २१०००१७००२५०४.

बेरीज नेमकी ३० किंवा ४० आली तर तेरावा आकडा शून्य, दहा नाही. प्रोग्राममध्ये नवीन पोरं इथंच अडकतात.

या हिशोबाचा फायदा असा की एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर हिशोब शंभर टक्के बिघडतो आणि स्कॅनर गप्प बसतो, चुकीचं बिल करत नाही. अन् तीनने गुणतो म्हणून शेजारचे दोन आकडे उलटेपालटे झाले तरी बहुतेक वेळा पकडल्या जाते, फक्त त्या दोघांत ५ चा फरक असला, जसं १६ चं ६१ झालं, तर सुटून जाते. घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावर हाच हिशोब करून पाहा, जुळला पाहिजे.

आकड्यांच्या रेघा कशा होतात

प्रत्येक आकड्याला सात खाने. खाना काळा असेल तर १, पांढरा असेल तर ०. जास्त काळे खाने एकमेकांना चिकटले की जाड रेघ दिसते, एवढंच, जाड-बारीक असा वेगळा काही प्रकार नाही. हा तक्ता, याला आपण "अ" म्हणू:

० : ०००११०१
१ : ००११००१
२ : ००१००११
३ : ०११११०१
४ : ०१०००११
५ : ०११०००१
६ : ०१०११११
७ : ०१११०११
८ : ०११०१११
९ : ०००१०११

हा एकच तक्ता टाईप करायचा, बाकीचे दोन याच्यातूनच निघतात. "क" तक्ता म्हणजे "अ" मधल्या शून्याचा एक करा, एकाचा शून्य करा. "ब" तक्ता म्हणजे "क" ला उलटीकडून वाचा. शून्याचं पाहा: अ ०००११०१, क १११००१०, ब ०१००१११.

उजवीकडचे सहा आकडे नेहमी क तक्त्यातून. डावीकडचे सहा कधी अ मधून, कधी ब मधून, आणि कोणता कुठून घ्यायचा हेच तो बाहेर उभा असलेला पहिला आकडा ठरवतो:

० : अअअअअअ
१ : अअबअबब
२ : अअबबअब
३ : अअबबबअ
४ : अबअअबब
५ : अबबअअब
६ : अबबबअअ
७ : अबअबअब
८ : अबअबबअ
९ : अबबअबअ

म्हणजे स्कॅनर डावीकडचे सहा वाचतो, ते अ-ब कोणत्या क्रमानं आले ते पाहतो, आणि त्याच्यावरून पहिला आकडा ओळखतो. रेघ न मारता आकडा लिहिला बाप्पा! याच्यामागं इतिहास आहे, अमेरिकेतला कोड आधी आला आणि तो बारा आकड्यांचा होता. २६ जून १९७४ ला ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटात च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, या प्रकारचा कोड दुकानात स्कॅन व्हायची ती पहिली वेळ. नंतर युरोपवाल्यांना तेरा आकडे पाहिजे होते पण जुना कोड मोडायचा नव्हता, म्हणून तो एक वाढीव आकडा सुरुवातीला असा लपवून बसवला. वरच्या तक्त्यात ० ची ओळ सगळी अ-अ-अ आहे, ती म्हणजे जुना अमेरिकन कोडच.

अजून एक गोष्ट. अ मधल्या प्रत्येक आकड्यात १ ची संख्या विषम आहे, ब आणि क मध्ये सम. डावीकडचा पहिला नेहमी अ असतो, उजवं टोक नेहमी क. म्हणून पुडी उलटी धरली तरी स्कॅनरला कळते की आपण उलटं वाचून राहिलो, तो आपोआप फिरवून घेतो. दुकानदार पुडी कशीही फिरवतो अन् टी करून आवाज येतो तो यामुळे.

आपल्या नंबराचं पूर्ण असं होते. पहिला २, म्हणून डावीकडे अअबबअब:

सुरुवात : १०१
१ ० ० ० १ ७ : ००११००१ ०००११०१ ०१००१११ ०१००१११ ००११००१ ००१०००१
मध्य : ०१०१०
० ० २ ५ ० ४ : १११००१० १११००१० ११०११०० १००१११० १११००१० १०१११००
शेवट : १०१

मोजा, ३ + ४२ + ५ + ४२ + ३, एकूण ९५ खाने. कमी-जास्त आले तर तक्ता टाईप करताना काहीतरी खाल्लं.

आता प्रोग्राम

पायथन घ्या, जावास्क्रिप्ट घ्या, जे येते ते. कॉम्प्युटर नसेल तर फोनवर पायड्रॉइड नावाचं ॲप आहे, त्यात पायथन चालते. मी इथं मराठीतच मांडतो, टाईप तुम्ही तुमच्या भाषेत करा, उलट बरं आहे, नुसतं कॉपी-पेस्ट करून डोक्यात काही राहत नाही.

बेरीज = ०
जागा १ ते १२, एकेक घ्या:
  जागा विषम असेल तर बेरजेत आकडा मिळवा
  जागा सम असेल तर बेरजेत आकडा × ३ मिळवा
बाकी = बेरीज ला १० ने भागून उरलेलं
तेरावा = (१० − बाकी) ला परत १० ने भागून उरलेलं

शेवटी परत दहाने भागतो ते त्या शून्याच्या भानगडीसाठी. आणि लक्षात ठेवा, पायथनमध्ये यादी शून्यापासून मोजतात, म्हणजे आपली पहिली जागा तिथं शून्यावी, विषम-सम उलटे होतात. उत्तर ४ आलं नाही तर पहिले इथंच पाहा.

पुढचं:

नमुना = पहिल्या आकड्यावरून अ-ब ची ओळ
पट्टी = "१०१"
जागा २ ते ७: नमुन्यात अ असेल तर अ तक्ता, ब असेल तर ब तक्ता, पट्टीला जोडा
पट्टीला "०१०१०" जोडा
जागा ८ ते १३: क तक्ता, पट्टीला जोडा
पट्टीला "१०१" जोडा
पट्टीची लांबी ९५ नसेल तर थांबा अन् ओरडा

नंबर मात्र अक्षरांसारखा, म्हणजे स्ट्रिंग म्हणून ठेवा, गणिताचा आकडा म्हणून नाही, एकेक आकडा वेगळा काढायला तेच सोपं जाते.

चित्र बनवायचं

इथं लोक मोठमोठ्या लायब्ऱ्या शोधत बसतात. पायथनमध्ये बारकोडची तयार लायब्ररी आहे, मान्य, दोन ओळीत काम होते, पण मग वरचं सगळं काहून शिकलो? पीबीएम नावाचा चित्राचा एक जुना साधा प्रकार आहे, ते चित्र म्हणजे निव्वळ टेक्स्ट फाइल असते. पहिल्या ओळीत इंग्रजी कॅपिटल पी आणि त्याला चिकटून १. दुसऱ्या ओळीत रुंदी, एक स्पेस, उंची. त्यानंतर नुसते ० आणि १, शून्य पांढरा, एक काळा. आपल्याजवळ पट्टी तयारच आहे की! फक्त फाइलमधले सगळे आकडे इंग्रजी पाहिजेत. पायथनला मराठी आकडे दिले तरी तो गणित करून देतो, पण चित्र उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला ते समजत नाहीत.

पट्टीच्या दोन्ही बाजूला पांढरी जागा सोडावीच लागते, डावीकडे ११ खाने, उजवीकडे ७. म्हणजे रुंदी ११ + ९५ + ७ = ११३. ही जागा फालतू नाही, तिच्याशिवाय स्कॅनरला सुरुवातच सापडत नाही. लेबल डिझाइन करणारे भाऊ सगळ्यात आधी हीच कापतात, "रिकामी दिसते" म्हणून.

मग प्रत्येक खाना किती ठिपक्यांचा ते ठरवा. स्टँडर्ड मापात एक खाना ०.३३ मिलिमीटर असतो, रेघा सुमारे २३ मिलिमीटर उंच. ३०० डीपीआयच्या (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके छापणाऱ्या) प्रिंटरवर ०.३३ म्हणजे जवळपास ४ ठिपके. तर प्रोग्राममध्ये प्रत्येक ० ला चार वेळा ०, प्रत्येक १ ला चार वेळा १ लिहा, ओळ झाली ४५२ ची, आणि तीच ओळ २७० वेळा खाली लिहा. फाइलच्या दुसऱ्या ओळीत ४५२ अन् २७०. ओळ लांब होते, तर मधे कुठंही एंटर मारला तरी चालते, तो मोजत नाहीत. फाइल गिम्प किंवा इरफानव्ह्यू अशा चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, पीएनजी करून ठेवा. फोनच्या गॅलरीत पीबीएम सहसा उघडत नाही, त्यामुळे हे पीएनजीचं काम कॉम्प्युटरवरच करा. रेघांखाली तेरा आकडे टाईप करायला विसरू नका, रेघा पुसल्या गेल्या तर तेच हातानं टाकावे लागतात.

छापताना खरी परीक्षा

स्टिकर छापायचे छोटे थर्मल प्रिंटर असतात, ते बरेचदा २०३ डीपीआयचे, म्हणजे एका मिलिमीटरला ८ ठिपके. त्याच्यावर ०.३३ मिलिमीटर म्हणजे २.६ ठिपके, आणि अर्धा-पाऊण ठिपका तर छापता येत नाही. मग प्रिंटर कुठं २ छापतो कुठं ३, रेघांचं माप बिघडते, डोळ्याला एकदम छान दिसते अन् स्कॅनर मात्र हूं का चूं करत नाही. त्यापेक्षा सरळ ३ ठिपके धरा, बारकोड जरासा मोठा होईल, होऊ द्या. २ धरले तर स्टँडर्डच्या ८० टक्क्यांच्याही खाली जाते. अन् वर्डमध्ये टाकून कोपरा ओढून लहान-मोठा करणं तर बिलकुलच नको, पाहिजे त्या मापाचा परत प्रोग्राममधूनच काढा.

रंगाचं तर लय महत्त्वाचं. दुकानातले बरेच स्कॅनर लाल उजेड टाकतात. लाल उजेडात लाल रंग पांढऱ्यासारखाच चमकतो, म्हणून तिखटाच्या पुडीवर मॅचिंग म्हणून पांढऱ्यावर लाल रेघा छापल्या तर स्कॅनरला कोरा कागद दिसतो. काळ्या रेघा पिवळ्यावर, केशरीवर, अगदी लालवरसुद्धा चालतात. म्हणजे हळदीच्या पिवळ्या लेबलवर सरळ काळं छापा, काही अडचण नाही. फोनच्या कॅमेऱ्यात लाल रेघा वाचल्या जाऊ शकतात, म्हणून फोनवर चालते म्हणजे काउंटरवर चालेलच असं धरू नका.

पारदर्शक पन्नीवर डायरेक्ट रेघा नको, मागून हळद दिसते आणि आतला माल हलला की पार्श्वभूमी बदलते, खाली पांढरा स्टिकर पाहिजेच. पुडीच्या सीलवर, घडीवर, चुरगळणाऱ्या कोपऱ्यावर लावू नका. लोणच्याची बरणी लहान गोल असेल तर बारकोड आडवा फिरवून लावा, म्हणजे रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक याव्या, नाहीतर दोन्ही टोकं गोलाईमागं लपतात. आणि हो, बारकोड लावला म्हणून एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, एमआरपी, निव्वळ वजन हे सुटत नाही, ते लेबलवर वेगळं लागतेच.

स्कॅनर जोडा, यादी बनवा

यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला लावला की तो कीबोर्डसारखाच वागतो, बहुतेकांना वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. नोटपॅड उघडा, पुडी स्कॅन करा, तेरा आकडे टाईप होतील आणि बरेचदा एंटरही तोच मारतो. एकच नाही, छापलेल्या शीटमधले वरचे, मधले, खालचे असे वेगवेगळे स्टिकर स्कॅन करून पाहा, शाई कमी झाली की शेवटचे फिके येतात.

मग एक्सेलमध्ये पहिल्या शीटवर तीन कॉलम, नंबर, नाव, भाव. दुसऱ्या शीटवर पहिल्या कॉलममध्ये कर्सर ठेवून स्कॅन करत जा अन् शेजारी व्हीलुकअपनं (यादीत नंबर शोधून देणारा एक्सेलचा फॉर्म्युला) नाव-भाव ओढून घ्या, गटाच्या स्टॉलला एवढं पुरून उरते. फक्त नंबरच्या कॉलमचा फॉरमॅट आधीच "नंबर, दशांश शून्य" करून ठेवा, नाहीतर तेरा आकडी नंबर एक्सेल २.१ई+१२ असा काहीतरी दाखवते आणि काकू म्हणतात कॉम्प्युटर बिघडला. दोन्ही शीटवर फॉरमॅट सारखाच पाहिजे, एकीकडे टेक्स्ट अन् दुसरीकडे नंबर असला तर डोळ्यासमोर तोच नंबर असूनही व्हीलुकअप म्हणते सापडला नाही.